ड्रेन बोल्टचे आटे पुन्हा पुन्हा जातात? मोठा बोल्ट ठोकण्याआधी हे वाचा

मोटारसायकलचं ऑइल बदलून झालं, ड्रेन बोल्ट (जुनं तेल काढायचा इंजिनच्या तळाचा बोल्ट) आवळत आणला, शेवटचा जोर द्यायला गेलात आणि पाना एकदम हलका पडला. बोल्ट घट्ट व्हायचं सोडून नुसताच फिरतोय. किंवा बोल्ट नीट लागल्यासारखा वाटतो, पण सकाळी गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग असतो. पुसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. दोन्ही तक्रारींच्या मागे बऱ्याचदा एकच कारण निघतं: इंजिन केसिंगचे, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या कवचातले, आटे गेलेत, किंवा जायला लागलेत.

पहिल्यांदाच झालं असेल तर दुरुस्ती सोपी आहे. अडचण अशी की गॅरेजमध्ये या तक्रारीने येणाऱ्या गाड्यांचं हे बहुधा दुसरं किंवा तिसरं दुखणं असतं. आधी कुणीतरी मोठा बोल्ट ठोकलेला असतो, त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली, टेपवर पुटी थापलेली. तीन-चार ऑइल बदलांनंतर तेही सुटतं, मग त्याहून मोठा बोल्ट. त्या भोकाभोवती धातू किती असतो हे एकदा गाडीखाली वाकून बघा. बोटाच्या पेराएवढा तो उंचवटा. प्रत्येक दुरुस्ती त्यातला थोडा धातू खाते, आणि गेलेला धातू परत येत नाही. म्हणून पहिली दुरुस्तीच अशी करायची की पुन्हा त्या भोकाला हात लावावा लागू नये. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

तेल खरंच तिथूनच गळतंय का?

ड्रेन बोल्ट इंजिनच्या अगदी तळाला असतो. त्यामुळे वर कुठेही तेल सुटलं तरी ते ओघळत येऊन शेवटी बोल्टच्या डोक्यालाच लोंबतं. गिअर शाफ्टचं सील, क्लच कव्हरचं पॅकिंग, पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचं सील, या तिन्ही ठिकाणची गळती बोल्टच्या नावावर खपते. आणि मग घडतं असं: माणूस थेंब बघतो, बोल्ट अजून थोडा आवळतो. थेंब थांबत नाही, कारण तो तिथला नसतोच. तो आणखी आवळतो. चांगले आटे या समजुतीपायी गेलेले मी पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे पान्याला हात लावण्याआधी ही चाचणी कराच.

इंजिनचा तळ आणि दोन्ही बाजू रॉकेलने किंवा ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. पूर्ण वाळल्यावर बोल्टभोवती आणि त्याच्या वरच्या भागावर घरातली टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून या आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ स्पष्ट उमटते. रेघ जिथे सुरू होते तिथे गळती आहे. ती बोल्टच्या वर सुरू होत असेल तर बोल्टला हातही लावू नका, सील बदला.

रेघ बोल्टच्या डोक्याखालीच सुरू होत असेल तर तेल काढा, बोल्ट बाहेर काढा आणि उजेडात धरा. पहिल्यांदा वायसर बघा. अ‍ॅल्युमिनियमचा असो की तांब्याचा, तो एकदा दबला की त्यावर गोल खाच पडते. अशी खाच खोल असेल, वायसर एका बाजूला पातळ झाला असेल, किंवा एकावर एक दोन वायसर निघाले, तर गळतीचं कारण कदाचित एवढंच आहे. नवा वायसर घाला आणि पुन्हा पावडरीची चाचणी करा. केसिंगवर वायसर जिथे टेकतो तो भाग बोटाने चाचपून बघा. पान्याचा ओरखडा किंवा जुन्या पुटीचा खडा तिथे असेल तर नवा वायसरही बसणार नाही.

मग बोल्टचे आटे. त्यांच्या खाचेत चंदेरी, केसासारखी तार गुंडाळलेली दिसली तर ती बोल्टची नाही. बोल्ट स्टीलचा असतो. ती तार म्हणजे केसिंगचा आटा, सोलून बाहेर आलेला. नखाने उचकटली की स्प्रिंगसारखी उलगडते. किती फेरे निघतात ते बघा, कारण आत किती शिल्लक आहे याचा अंदाज त्यावरूनच येतो.

आटे जातात कसे

केसिंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा. भांडण झालं की हरणार केसिंगच. पण हे एका दिवसात होत नाही. कंपनीने दिलेल्या मापाने आवळलेला बोल्ट वर्षानुवर्षं टिकतो. आटे जातात ते प्रत्येक सर्व्हिसिंगला थोडे थोडे ताणले गेल्यामुळे.

हिशेब करून बघू. १००-१५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ड्रेन बोल्ट १२ मिलिमीटरचा, १.५ पिचचा (एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.५ मिलिमीटर) असतो आणि त्याचा टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. समजा २५ आहे. २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला हा जोर म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास. म्हणजे एका हाताने, दंडाचा जोर न लावता. एवढ्यानेही बोल्ट वायसरला सुमारे एक टन जोराने दाबून धरतो. आता त्याच पान्याला पाइप घालून लांबी दुप्पट केली, तर हाताला तेवढंच वाटतं आणि आट्यांवर दुप्पट ताण येतो. आट्यांना तेल लागलेलं असेल तर घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कमध्ये दाब आणखी वाढतो. ऑइल बदलताना आट्यांना तेल लागलेलं असतंच. त्यात कुणी बोल्ट आवळायची हवेची गन लावली, तर किती जोर गेला हे त्या माणसालाही कळत नाही.

दुसरं कारण दिशेचं. बोल्टचं डोकं जमिनीकडे असतं आणि आपण गाडीच्या बाजूला बसून वरून वाकून पाना लावतो. अशा वेळी सोडायची दिशा आणि आवळायची दिशा यांची सहज गल्लत होते. बोल्ट निघत नाही म्हणून जोर वाढवत जायचं, आणि खरं तर तो आवळला जात असतो. डोकं खाली करून बोल्टच्या समोरून बघा, मग डावीकडे फिरवा. समोरून बघितलं की दिशा कधी चुकत नाही.

तिसरं, आट्यावर आटा चढणं. बोल्ट जरा तिरका लागला आणि पान्याने रेटला, की पहिले दोन आटे कापले जातात. ताण वाटून घ्यायला सगळे आटे असले तरी डोक्याजवळचा पहिला आटा एकटा साधारण एक तृतीयांश भार उचलतो. तो गेला की दुसऱ्यावर येतो, मग तिसऱ्यावर. म्हणूनच आटे बाहेरून आत सोलत जातात आणि खोलवरचे बहुधा शाबूत राहतात. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

किती गेलंय ते मोजा

भोक कापसाने किंवा फडक्याने पुसा आणि मोबाइलचा कॅमेरा खालून लावून फ्लॅशसह फोटो काढा. फोटो मोठा केला की आटे मोजता येतात. शाबूत आटा धारदार रेघेसारखा दिसतो, गेलेल्याच्या जागी गुळगुळीत चमकणारी भिंत. १.५ पिचच्या बोल्टचे १२ मिलिमीटर खोलीत आठ आटे असतात. बारीक तारेचं टोक वाकवून भिंतीवरून फिरवलं तर बोटालाही आटे जाणवतात.

मग स्पेअरच्या दुकानातून कंपनीचा नवा बोल्ट आणा. जुना घेऊन जायचा, शेजारी धरून आटे जुळवायचे. नवा बोल्ट हाताने लावा. पूर्ण लांबी बोटांनी फिरतो आणि शेवटी डगमगत नाही, तर नशीब चांगलं आहे: बोल्टच झिजलेला होता. हलतोय, डुगडुगतोय, तर केसिंगचं काम काढावं लागणार.

एक वेगळी शक्यताही तपासा. उंचवट्यावर केसाएवढी तडे गेलेली रेघ आहे का? फार आवळल्याने किंवा खालून दगड लागल्याने केसिंग चिरतं. रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर रॉकेल त्यातून झिरपून पुडीत ओली रेघ दिसते. तडा असेल तर पुढचे आट्यांचे उपाय लागू नाहीत, तो भाग शेवटी घेतला आहे.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय केलंय तेही शोधा. बोल्टच्या डोक्याचं माप मॅन्युअलपेक्षा वेगळं असणं, आट्यांवर पांढरी टेप, वायसरच्या जागी लाल किंवा राखाडी सीलंट, बोल्टचं डोकं केसिंगला सपाट न टेकता एका बाजूला उचललेलं असणं, या सगळ्या आधीच्या दुरुस्तीच्या खुणा आहेत. भोकाचं माप व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) घेतल्याशिवाय अशा गाडीला काहीही बसवू नका.

कोणता उपाय कधी

बाहेरचे तीन-चार आटेच गेले असतील आणि आतले धडधाकट असतील, तर त्याच मापाचा थोडा लांब बोल्ट हा सगळ्यात सौम्य उपाय आहे, कारण त्यात धातू अजिबात कापला जात नाही. मात्र आत जागा आहे का हे मोजायलाच हवं. जुन्या बोल्टचं टोक कुठवर जात होतं आणि त्याच्या पलीकडे किती मोकळं आहे, हे भोकातून तार घालून बघा. काही इंजिनांत तेल गाळायची जाळी किंवा गिअर अगदी जवळ असतो. किक हळू हळू दाबून बोल्टला काही घासतंय का तेही ऐका. पाच-सहा शाबूत आटे सापडत नसतील तर हा उपाय सोडून द्या.

रबरी फुगणारं बूच बाजारात मिळतं. गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरतं ते ठीक आहे, रोजच्या वापराला नाही. गरम तेलाने रबर सैल पडतं, आणि ड्रेन बोल्ट मागच्या चाकाच्या पुढेच असतो. बूच सुटलं तर तेल थेट मागच्या टायरवर. घाटात वळणावर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. एम-सीलसारखी पुटी आणि टेफ्लॉन टेप यांचंही तसंच. आटेच नसतील तर टेप कशाला धरणार? टेपचे धागे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात ते वेगळंच. प्रवासात बोल्ट पूर्ण निकामी झाला तर टेम्पोत गाडी घाला. मोटारसायकलच्या इंजिनात तेच तेल क्लच आणि गिअरबॉक्सलाही पुरतं. साधारण लिटरभर तेलाचा मामला आहे, ते वाटेत सांडलं तर काही मिनिटांत इंजिन पकडतं.

आता सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय: आटे स्वतः कापत जाणारा ओव्हरसाइज बोल्ट. दहा मिनिटांत काम होतं म्हणून गॅरेजवाले तो पसंत करतात. पण तो बोल्ट तिरका जाण्याची शक्यता खूप असते, त्याने कापलेला कीस इंजिनातच पडतो, आणि दर ऑइल बदलाला तो काढून परत लावताना पुन्हा थोडं कापतो. दूध घालणाऱ्या एका भाऊंची गाडी अशीच आली होती. तिसरा ओव्हरसाइज बोल्ट, आणि उंचवट्याची भिंत एका बाजूला पोस्टकार्डाइतकी पातळ उरलेली. पहाटे चारला निघणाऱ्या माणसाची गाडी बंद म्हणजे त्या दिवसाचं सगळं गणित बंद. पहिल्या खेपेलाच नीट काम झालं असतं तर केसिंग वाचलं असतं. म्हणून मी कुणालाही तो बोल्ट सुचवत नाही.

त्यापेक्षा चांगला पण पुरेसा नसलेला उपाय म्हणजे भोक मोठं करून एम १४ × १.५ चा (१४ मिलिमीटरचा, १.५ पिचचा) टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, मारणं. त्यासाठी साडेबारा मिलिमीटरचं ड्रिल लागतं. आटे गेलेलं भोक आधीच बारापर्यंत आलेलं असतं, त्यामुळे कापायचं फार थोडं उरतं. लेथवाल्याकडे हा टॅप हमखास असतो. काम सुबक होतं. पण नवे आटे पुन्हा अ‍ॅल्युमिनियममध्येच पडतात. डोकं मोठं, पाना मोठा, पुढचा मेकॅनिक आणखी जोरात आवळणार. आजार तोच राहतो, फक्त माप वाढतं.

आणि इथे एक आकडा लक्षात घ्या. एम १२ × १.५ चं हेलिकॉइल (भोकात बसवून नवे आटे देणारी स्टीलच्या तारेची गुंडाळी) बसवायला जो खास टॅप लागतो त्याचा बाहेरचा व्यास चौदाच्या अगदी जवळ येतो, १३.९५ च्या आसपास. म्हणजे एम १४ चा टॅप मारताना जेवढा धातू जातो, जवळजवळ तेवढाच हेलिकॉइलला जातो. किंमत तीच, पण बदल्यात मिळतं काय? एकीकडे पुन्हा मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे आणि बाजारातला कुठलातरी बोल्ट. दुसरीकडे स्टेनलेस स्टीलचे आटे आणि कंपनीचाच मूळ बोल्ट, मूळ वायसर, मूळ टॉर्क. विमानांच्या अ‍ॅल्युमिनियम भागांत असे स्टीलचे आटे नवीन असतानाच बसवतात, तुटल्यावर नव्हे. माझ्या मते भोक एकदा मोठं करायचंच असेल तर ते हेलिकॉइलसाठीच करावं.

हेलिकॉइल बसवताना

इंजिन थंड, तेल पूर्ण काढलेलं. गाडी डबल स्टँडवर किंवा रॅम्पवर उभीच ठेवा. हात पोचत नाही म्हणून बरेच जण गाडी आडवी पाडतात. तसं केलं की सगळा कीस इंजिनात जातो. उभ्या गाडीत खालून काम करायला मान अवघडते खरी, पण कीस आपोआप खाली पडतो. उंचवटा क्लच कव्हरसारख्या सुट्या होणाऱ्या भागावर असेल तर मात्र तो भाग उतरवून टेबलावरच काम करा. एक पॅकिंग जास्त जाईल, पण भोक सरळ पडेल.

किटमध्ये ड्रिल, टॅप, कॉइल आणि ती बसवायचा दांडा असतो. कॉइलचं माप एम १२ × १.५ आणि लांबी १२ मिलिमीटर, म्हणजे व्यासाएवढी. उंचवट्याची खोली मोजून खात्री करा. ड्रिल किटवर लिहिलंय तेच वापरा. बिटवर टेप चिकटवून खोलीची खूण करा, म्हणजे भोक पार झाल्यावर बिट आतल्या जाळीवर आदळणार नाही. वेग कमी ठेवा.

टॅपच्या खाचा ग्रीसने भरा. कीस ग्रीसला चिकटतो, आत पडत नाही. कापणाऱ्या धारेला रॉकेलचे थेंब देत राहा, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल छान मानवतं. पहिले दोन फेरे सगळ्यात महत्त्वाचे. टॅप सरळ उभा आहे का हे छोटा गुण्या लावून समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. तिरका वाटला तर तिथेच थांबा, बाहेर काढा, पुन्हा लावा. चार फेरे गेल्यावर सुधारायला जाल तर भोक लंबगोल होईल. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दोन-तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. घाई करण्यासारखं इथे काही नाही.

आटे पडले की भोक ब्रेक क्लीनरने पूर्ण तेलमुक्त करा. मग कॉइल दांड्यावर चढवून बोटांच्या जोरावर फिरवत आत न्या. जोर लावायचा नाही, खाली दाबायचंही नाही, ती स्वतःच्या वाटेने जाते. कॉइलचं बाहेरचं टोक केसिंगच्या पृष्ठभागाच्या अर्धा ते एक आटा आत राहिलं पाहिजे. ते बाहेर डोकावलं तर वायसर त्यावर टेकेल आणि तेल गळेलच.

हे नीट समजून घ्या, कारण हेलिकॉइल घालूनही गळतंय अशी तक्रार इथूनच येते. कॉइल म्हणजे गुंडाळलेली तार आहे. तिच्या मागून, आट्यांच्या वळणावळणाने तेल बाहेर येऊ शकतं. तेल अडवणं हे कॉइलचं काम नाही, ते वायसरचं. म्हणून वायसर चौदा मिलिमीटरच्या भोकाबाहेरच्या सपाट केसिंगवर सगळीकडून टेकला पाहिजे. तिथे खरवड असेल तर सपाट ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर लावून हलक्या हाताने साफ करा. कानस चालवू नका.

कॉइलच्या आतल्या टोकाला आडवी शेपटी असते, दांडा तिलाच धरून फिरवतो. ती मोडून काढावी लागते. लोक ती सहसा पंच मारून मोडतात, पण आपलं भोक थेट तेलाच्या चेंबरमध्ये उघडतं. पंच मारला तर तुकडा आत जाऊन बसेल, आणि या स्टेनलेस स्टीलला चुंबक जेमतेम लागतं किंवा लागतच नाही. त्यामुळे लांब टोकाच्या पक्कडीने शेपटी घट्ट पकडा आणि मागे-पुढे वाकवून मोडा. तुकडा हातात आला, डोळ्यांनी बघितला, मगच पुढे.

आता इंजिन धुणं. बोल्ट न लावता वरून साधं ताजं इंजिन ऑइल दोन-तीनशे मिलिलिटर ओता आणि खाली वाहू द्या. वाहून आलेलं तेल पांढऱ्या कापडावर गाळून कीस दिसतो का ते बघा. येत असेल तर पुन्हा ओता. तेलाची जाळी वेगळ्या झाकणाखाली असेल तर तीही काढून धुवा. अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, त्यामुळे चुंबकाच्या भरवशावर राहू नका.

बुश, वेल्डिंग आणि केसिंग बदलणं

आधीच्या दुरुस्त्यांनी भोक चौदाच्याही पुढे गेलं असेल तर लेथवर बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) करून घ्यावा लागतो. बाहेरून एम १८ × १.५, आतून एम १२ × १.५, खाली पातळ कॉलर. एम १६ मध्येही करता येतो, पण मग बुशची भिंत सव्वा मिलिमीटरच्या आत येते, ती मला कमी वाटते. धातू पितळ चांगलं. गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पितळाचं फुगणं अ‍ॅल्युमिनियमच्या जास्त जवळचं आहे, त्यामुळे बुश सैल पडायचा धोका कमी होतो. बसवताना बाहेरच्या आट्यांना जास्त तापमान सोसणारं थ्रेड लॉकर (आटे चिकटवून धरणारं द्रव) लावायचं, आणि ते चोवीस तास वाळू द्यायचं. आट्यांवर तेलाचा अंश राहिला तर लॉकर धरत नाही आणि पुढच्या ऑइल बदलाला बोल्टसोबत बुशच बाहेर येतो.

असं काम नाजूक हाताचं आहे. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात, पुण्यात भोसरी-चाकण पट्ट्यात, नाशिकला सातपूर-अंबडला असे टर्नर सहज सापडतात. सोबत जुना बोल्ट, वायसर आणि भोकाचं व्हर्नियरने घेतलेलं माप घेऊन जा. तोंडी माप सांगू नका. हेलिकॉइलचे किट मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत मिळतात.

तडा गेलेला असेल तर आर्गन वेल्डिंग. अ‍ॅल्युमिनियममध्ये मुरलेलं तेल वेल्डमध्ये बुडबुडे करतं, म्हणून भाग उतरवून, वारंवार धुऊन, गरम करून तेल काढूनच वेल्ड करायचा. गाडीवर ठेवून करायची वेळ आलीच तर बॅटरी आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कपलर दोन्ही सोडा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत हे विसरून चालणार नाही.

केसिंगच बदलायचं म्हटलं तर खर्च तर आहेच, शिवाय इंजिन नंबर केसिंगच्या ज्या अर्ध्या भागावर कोरलेला असतो तो भाग बदलला तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. असलेलं केसिंग वाचवण्यासाठी एवढी खटपट करायची ती यासाठीसुद्धा.

बोल्ट लावताना, दर वेळी

नवा वायसर. तांब्याचा असेल आणि दुकानात मिळत नसेल तर गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून गार केला की तो पुन्हा मऊ होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नका, तो वितळेल.

बोल्ट आणि भोक पुसून कोरडं करा. बोल्ट भोकाला टेकवून आधी उलटा फिरवा. एका जागी बारीक ‘टक्’ जाणवतं, आट्याची सुरुवात तिथे आहे. तिथून सुलटा, फक्त बोटांनी, डोकं वायसरला टेकेपर्यंत. बोटांनी टेकत नसेल तर पाना घेऊ नका, बाहेर काढून कारण शोधा. मग टॉर्क रेंच मॅन्युअलच्या आकड्यावर लावा. रेंच नसेल तर आखूड पाना मधोमध धरा, टोकाला धरू नका. वायसर दबताना जाणवतो, त्यानंतर थोडासा जोर, बस्स. गॅरेजला गाडी देत असाल तर ‘दादा, बोल्ट हातानेच आवळा, गन लावू नका’ एवढं शेजारी उभं राहून सांगा. चांगल्या मेकॅनिकला त्याचा राग येत नाही.

दुरुस्तीनंतर तेल भरून इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, बोटाने बोल्टखाली चाचपा. शंभरेक किलोमीटरनंतर पावडरीची चाचणी पुन्हा करा. कोरडं असेल तर ‘खात्रीसाठी’ म्हणून आणखी आवळू नका. दुरुस्तीनंतरचा पहिला ऑइल बदल मात्र निम्म्या अंतरावर करा, आणि काढलेलं तेल उन्हात थाळीत ओतून कीस चमकतो का ते बघा. ते जुनं तेल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात.